डोंगरावरची शाळा, तलाठ्याचं दप्तर

मराठीत 'दप्तर' या शब्दाची दोन घरं आहेत. एक दप्तर शाळकरी पोराच्या पाठीवर असतं, दुसरं तलाठ्याच्या लोखंडी कपाटात. पहिल्यात वह्या-पुस्तकं, दुसऱ्यात अख्ख्या गावाची जमीन. सरकारी अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत वर्षभर नेमकं काय चालतं हे समजून घेऊ लागलो, तेव्हा हा शब्द मनातून हलेना. कारण तिथल्या शिक्षणात एक दिवस असा येतो, की पहिलं दप्तर बाजूला ठेवून दुसरं उघडावं लागतं. अतिशय अवघड परीक्षा पार करून आलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागते, आणि ती बाराखडी गिरवून घेणारा गुरू हुद्द्याने त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली असतो.

ही संस्था म्हणजे मसुरीची लाल बहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमी. देहरादूनहून घाट चढून गेलं, की सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, जुन्या शार्लव्हिल हॉटेलच्या जागेवर ती उभी आहे. १५ एप्रिल १९५८ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी लोकसभेत अशा अकादमीची घोषणा केली. दिल्लीच्या मेटकाफ हाउसमधली आयएएस प्रशिक्षण शाळा आणि सिमल्याचं स्टाफ कॉलेज एकत्र करून १९५९ साली ती मसुरीत सुरू झाली. शास्त्रीजींचं नाव १९७२ साली मिळालं, 'राष्ट्रीय' हा शब्द त्यानंतरच्या वर्षी जोडला गेला.

तिथलं वर्ष पावसात सुरू होतं. ऑगस्ट सरत आलेला असतो, ढग खिडकीतून आत येत असतात, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली बॅगा ओढत पोहोचतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला अर्ज करणारे दहा लाखांच्या आसपास, अंतिम यादीत साधारण हजार, त्यांतले आयएएस सुमारे एकशे ऐंशी. मात्र पहिले साडेतीन महिने सगळ्यांना एकत्रच शिकवलं जातं. पोलिसात जाणारे, परराष्ट्र सेवेत जाणारे, वनसेवेतले, आयकरवाले, रेल्वेवाले, सगळ्यांचा हा पायाभूत अभ्यासक्रम एकच. सगळ्यांना मावून घेणं आता मसुरीला एकटीला जमत नाही, म्हणून काही तुकड्या देशातल्या इतर संस्थांमध्येही शिकतात.

सगळ्यांना एकत्र का शिकवायचं, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. नंतर एक साधं उदाहरण सुचलं. डोंगरातल्या एखाद्या पाड्याला रस्ता हवा आहे. जमीन महसूलची आहे की वनाची, हे आधी ठरायचं. झाडं तोडायची तर वन अधिकाऱ्याची परवानगी. पाड्यावर दोन गट पडले, हाणामारी झाली, तर पोलीस. पैसे खर्च झाले, की लेखापरीक्षण. एका रस्त्याची फाइल किती टेबलांवरून फिरते पाहा. त्या टेबलांमागची माणसं तरुणपणी पहाटेच्या धुक्यात मैदानावर एकत्र धावलेली असतील, तर फाइल पाठवण्याआधी एक फोन होतो. पाड्यावरच्या बाईला त्या फोनचा पत्ताही लागत नाही, पण रस्ता एक पावसाळा आधी होऊ शकतो. पंतांच्या डोक्यातली कल्पना हीच होती: निरनिराळ्या सेवांमधल्या माणसांची एकमेकांशी ओळख आणि एक सामाईक दृष्टी.

दिवस पहाटे पोलो ग्राउंडवरच्या कवायतीने उगवतो. मग ज्ञानशिला, कर्मशिला, ध्रुवशिला अशा नावांच्या इमारतींतून राज्यघटना, कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, भाषा असे तास चालतात. वसतिगृहांना गंगा, कावेरी, नर्मदा, महानदी अशी नद्यांची नावं आहेत. मधे आठवडाभराचा हिमालयातला ट्रेक असतो, त्यात पाठीवरची पिशवी ज्याची त्याने वाहायची. घोडेस्वारी, नाटकं, धावण्याच्या शर्यती हेही सगळं असतं. हे ऐकून बाहेरच्याला वाटतं, सहलच दिसते! मला मात्र या सगळ्यात एकच आठवडा खरा मोलाचा वाटतो. तो खेड्यातला.

लहान लहान गट करून या मुलांना एका खेड्यात मुक्कामाला पाठवतात. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणं हा तिथला मुख्य मार्ग नसतो. गावातली एखादी मोकळी जागा झाडून घेतात आणि गावकऱ्यांनाच सांगतात, तुमचं गाव इथे जमिनीवर काढा. रांगोळी, खडू, चुना, काटक्या, बिया, दगड, जे हाताशी असेल ते. सहभागातून गाव समजून घेण्याची ही पद्धत, जिला सगळे पीआरए म्हणतात, १९८०च्या दशकाच्या शेवटी भारतात रुजू लागली. आपल्याकडे पाणलोटाच्या कामांतून तिचे मराठी शब्दही तयार झाले: गावनकाशा, शिवारफेरी.

या नकाशात काय घडतं ते बघण्यासारखं असतं. कोणीतरी रस्त्याची रेघ मारतो. दुसरा देऊळ ठेवतो. एक म्हातारा पुढे येऊन ओढा चुकलाय म्हणतो, रेघ पुसतो आणि नवी काढतो. मग गावाबाहेरच्या वस्तीचा विषय निघतो, आणि ती वस्ती नकाशात आलीच नाही हे सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं. बायकांनी वेगळा नकाशा काढला, तर पाण्याची वाट, सरपणाची जागा, दळणाची गिरणी ठळक होतात. पुरुषांच्या नकाशात त्या जागी शेतं आणि हमरस्ता असतो. ही पद्धत वापरणाऱ्यांनी हा फरक पुन्हा पुन्हा पाहिला आहे. दोन्ही नकाशे खरे, आणि दोन्हींत गाव एकच.

आणखी एक खेळ असतो वर्तुळांचा. मधे गावाचं वर्तुळ. मग कागदाची लहान-मोठी वर्तुळं कापायची: पंचायत, शाळा, दवाखाना, बँक, सावकार. जे महत्त्वाचं त्याचं वर्तुळ मोठं. जे सहज हाताशी येतं ते जवळ ठेवायचं, जे येत नाही ते लांब. हातातली चकती कुठे ठेवायची यावर बायका वाद घालतात. बँकेचं वर्तुळ सरकत सरकत अंगणाच्या कडेला जातं आणि सावकाराचं गावाला चिकटून बसतं. तिथे उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्याला हे दृश्य जे सांगतं, ते त्याला आकडेवारीच्या कुठल्याही तक्त्यात दिसलं नसतं.

एवढी यातायात का करायची, या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

अधिकाऱ्यांना शिकवून मगच कामावर पाठवावं, हा विचार हिंदुस्थानात संस्था म्हणून पहिल्यांदा उभा राहिला तो कलकत्त्यात. १८०० साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करायला येणारी पोरं मिसरूड फुटायच्या वयाची असत आणि इथली भाषा त्यांना येत नसे. त्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायला विल्यम कॅरी नेमला गेला. पण मराठी शिकवायची कशी? इंग्रजीतून छापील व्याकरण नव्हतं, कोशही नव्हता. मग ते तयार करावे लागले. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने कॅरीने काम केलं आणि १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचं व्याकरण छापून निघालं. पुढे मोडी लिपीचे खिळे पाडले गेले, आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या काठचं. मराठी छपाईची ही सुरुवातीची पावलं गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांपासून इतक्या दूर पडली, आणि तीही अधिकारी शिकवण्याच्या गरजेतून! मला याचं नवल अजून ओसरत नाही. शिकवायला गेलं, की आपल्याला काय माहीत नाही ते उघडं पडतं. त्यातून संशोधन सुरू होतं. दोन दशकांनी लष्करातल्या मोल्सवर्थ नावाच्या अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून शब्द गोळा केले, आणि १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. तो आपण आजही उघडतो.

पण दुसरी गोष्ट दुःखाची आहे.

कंपनीच्या संचालकांना कलकत्त्याचा खर्च रुचला नाही. त्यांनी १८०६ साली इंग्लंडमध्येच कॉलेज सुरू केलं, ते पुढे हेलीबरी म्हणून ओळखलं गेलं. तिथे अर्थशास्त्र शिकवायला होता थॉमस माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धांताने जगभर गाजलेला. त्या वर्गांतून एक हुशार तरुण शिकून आला, रॉबर्ट कीथ प्रिंगल. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती, दख्खनवर कंपनीचा अंमल नवा होता, आणि शेतसारा ठरवण्यासाठी पाहणीचं काम प्रिंगलकडे आलं.

प्रिंगलच्या डोक्यात अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पक्का होता. शेतातून जे पिकतं त्यातून मेहनत, बी-बियाणं, बैलबारदाना आणि शेतकऱ्याचा रास्त नफा वजा करायचा. उरेल तो निव्वळ खंड. त्यातला ठरावीक हिस्सा सरकारने घेतला, तर शेतीचं काही बिघडत नाही, असं पुस्तक सांगत होतं. प्रिंगलने तो हिस्सा ५५ टक्के धरला. मग हरेक प्रकारच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न मोजायचा प्रचंड खटाटोप सुरू झाला. कागदावर ते अचूक होतं. पण मोजणी करणारी माणसं, त्यांनी आणलेले आकडे, पावसाचा लहरीपणा, पडलेले भाव, यांचा मेळ त्या अचूकपणाशी बसेना. सारा झेपेना. शेतं पडीक पडू लागली, माणसं गावं सोडून निघाली. काही वर्षांतच ही पद्धत सोडून द्यावी लागली.

प्रिंगल वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. तो मेहनती होता, त्याने मन लावून काम केलं होतं. वर्गात शिकलेलं त्याने गावात नेलं, पण गावात शिकलेलं वर्गापर्यंत परत नेण्याची वाटच त्या काळी नव्हती.

१८३५च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला तरुण इंजिनिअर यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. आज उजनी धरणाच्या पाण्याने आणि उसाने ओळखला जाणारा तो तालुका तेव्हा दुष्काळाने आणि साऱ्याने पिचला होता. या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला सारलं. जमीन उकरून माती किती खोल आहे, रंग कसा, चुनखडी आहे का, हे पाहिलं. मातीचे नऊ वर्ग केले आणि त्यांची किंमत आण्यांत ठेवली: सर्वांत चांगली सोळा आणे, मग उतरत्या क्रमाने. गावाने आजवर खरोखर किती भरलं, किती थकवलं, हे जुन्या कागदांत पाहिलं. दर कमी केले आणि तीस वर्षं ते वाढणार नाहीत असं सांगितलं. हद्दीचे दगड रोवले, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला. पडीक शेतं पुन्हा नांगराखाली आली. ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली.

तुमच्या घरात सातबारा असेल तर काढून बघा. त्यावर 'आकार' असा एक रकाना आहे आणि त्यात काही रुपये-पैसे लिहिलेले आहेत. रक्कम इतकी किरकोळ असते की चुकून पडल्यासारखी वाटते. ती इंदापुरात सुरू झालेल्या त्या रीतीची खूण आहे.

मसुरीहून निघालेला तरुण अधिकारी या कागदापाशी येऊन पोहोचतो तो जिल्हा प्रशिक्षणात. त्याआधी हिवाळ्यात देशभर फिरणं होतं, लष्कराच्या तुकडीसोबत राहणं होतं, मग मसुरीतले वर्ग; हा सगळा आयएएसवाल्यांचा स्वतंत्र पहिला टप्पा. त्यात त्याला मिळालेल्या राज्याची भाषा शिकवतात. महाराष्ट्र मिळालेला केरळचा, आसामचा किंवा बिहारचा मुलगा तिथे, हिमालयात बसून, 'मी, आम्ही, आपण' गिरवतो. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक त्याला समजावून सांगताना मराठीच्या शिक्षकाला किती आनंद होत असेल! समोरच्या माणसाला आपल्यात धरायचं की वगळायचं, हे आपल्या भाषेत सर्वनामातच ठरतं.

मग बावन्न आठवड्यांसाठी जिल्हा. तहसील, पंचायत समिती, नगरपालिका असा प्रत्यक्ष कारभार काही काळ त्याच्या हाती दिला जातो. पण सगळ्यात आधी तलाठी. आता त्याचं अधिकृत पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. आमच्याकडे गावकरी अजून भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांच्या दप्तरात गाव नमुने असतात, एक ते एकवीस. सातवा नमुना हक्कांचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. सहावा फेरफाराचा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. महाराष्ट्राचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, कारण जमिनीचं वर्ष पावसाशी बांधलेलं आहे.

आता परराज्यातून आलेल्या मुलीची कल्पना करा. तीन महिने मराठी शिकून ती चावडीत बसली आहे. भाऊसाहेब सातबारा पुढे करतात. नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे काय? अज्ञान पालनकर्ता, खातेदार वयाने लहान आहे, आई किंवा काका त्याच्या वतीने व्यवहार पाहतात. 'ए.कु.मॅ.'? एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं, पण जमीन सगळ्या भावंडांची. 'बोजा' म्हणजे सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज. पोटखराबा म्हणजे शेतातला न पिकणारा भाग. शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यात, कागद बोलतो हेक्टर-आरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक आर म्हणजे गुंठ्याहून नखभर लहान. हे हिशेब बोटांवर येईपर्यंत ती कागदाकडे नुसती बघत राहणार.

'इतर हक्क' या रकान्यात तिला एक ओळ सापडते: कुळकायदा कलम ४३च्या बंधनास पात्र. ही ओळ म्हणजे मला आपल्या इतिहासाची बाटलीत भरलेली चिठ्ठी वाटते. १९४८चा मुंबई कुळवहिवाट कायदा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता त्या कुळाला कायद्याने मालक मानलं. कोणाच्या तरी पणजोबाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून त्या दिवशी जमीन मिळवली. ती पुन्हा कोणी हिसकावू नये म्हणून विक्रीवर बंधन घातलं, ते हे कलम ४३. २०१४ साली दुरुस्ती झाली: खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर साऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून बंधन उठवता येतं. म्हणजे पुन्हा तोच 'आकार', तेच विंगेटचे रुपये-पैसे. एका ओळीत दीड-पावणेदोन शतकं दुमडून ठेवलेली आहेत, आणि ती उलगडून दाखवणारा माणूस चावडीत पंख्याखाली बसलेला भाऊसाहेब असतो.

सुगीच्या दिवसांत तिला पैसेवारीला नेतात. जुनी माणसं तिला आणेवारीच म्हणतात. उभ्या पिकात ठरावीक मापाचा तुकडा दोरीने आखतात, तेवढंच पीक कापतात, झोडपतात, वजन करतात. गावातल्या समितीची माणसं सोबत असतात. प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून गावाची पैसेवारी निघते: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. ताजव्यात पडलेल्या त्या मूठभर ज्वारीवर हजारो घरांची वसुली, मुलांची परीक्षा फी अवलंबून असते. आता पीकपाहणी मोबाइलवर होते, ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर आली. तरी दोरी आखलेल्या त्या चौकोनापाशी उभं राहून वजनकाटा बघणं याला दुसरा पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. प्रिंगलने आपली टक्केवारी ठरवण्याआधी अशा एखाद्या खळ्यावर चार संध्याकाळी काढल्या असत्या तर!

या संस्थेची जी बाजू लोकांना फारशी ठाऊक नाही, ती इथून सुरू होते. १९८८ ते १९९३ या काळात बी. एन. युगंधर अकादमीचे संचालक होते. (आज जग त्यांना 'मायक्रोसॉफ्ट'च्या सत्या नडेला यांचे वडील म्हणूनही ओळखतं, पण ग्रामविकासाच्या क्षेत्रात त्यांचं नाव त्याआधीच मोठं होतं.) त्यांच्या काळात, १९८९ साली, अकादमीत जमीन सुधारणांचा अभ्यास करणारं एक केंद्र उभं राहिलं, आज ते ग्रामीण अभ्यासाचं केंद्र आहे आणि त्याला युगंधरांचंच नाव आहे. कल्पना साधी होती. दरवर्षी हे तरुण अधिकारी जिल्ह्यात जातातच. मग प्रत्येकाला नेमून दिलेल्या गावात मुक्काम करायला लावायचा आणि अहवाल लिहून घ्यायचा: गावात जमीन कोणाकडे आहे, कागदावर कोण आहे, प्रत्यक्षात कोण कसतं, कायदा झाला तेव्हा काय मिळालं, काय हुकलं.

हे अहवाल मसुरीला साठत गेले. एका वर्षाचे अहवाल म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्या. पण वर्षानुवर्षं, राज्याराज्यांतून, गावागावांतून ते येत राहिले, की त्यांचा एक विलक्षण साठा होतो. त्याच्या आधारावर भारतातल्या जमीन सुधारणांवरची ग्रंथमालिका निघाली. पहिला खंड १९९३ साली आला, बिहारवर. युगंधर त्याचे एक संपादक. त्याच्या उपशीर्षकातच संस्थात्मक अडथळ्यांचा उल्लेख होता, म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थेने सरकारी यंत्रणेच्याच उणिवा छापून समोर ठेवल्या. पुढच्या एका खंडाचं नाव होतं 'अपूर्ण राहिलेलं काम' अशा अर्थाचं. गुजरात आणि महाराष्ट्रावरचा आठवा खंड २००२ साली निघाला. पंचविशीतल्या मुलांनी कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात लिहिलेल्या नोंदींचं असं पुस्तक होताना पाहून मला कॅरीच्या व्याकरणाची आठवण होते. दोन्हीकडे शिकवायला गेलेल्यांना आधी स्वतः शोधत जावं लागलं.

हा साठा सुरू होण्याआधी, १९८४च्या मे महिन्यात, अकादमीला मोठी आग लागली होती, ग्रंथालय जळालं होतं. ते पुन्हा उभं केलं गेलं. एखाद्या संस्थेला आपल्या कागदांची किंमत कशी कळते, याचा अंदाज मला त्या घटनेवरून येतो.

वर्ष संपवून हे अधिकारी दुसऱ्या टप्प्यासाठी मसुरीला परततात तेव्हा ते पहिल्यासारखे राहिलेले नसतात. आता व्याख्याता बोलत असला, तरी वर्गातल्या प्रत्येकाकडे एक जिल्हा असतो. वनहक्कांच्या एका दाव्याबद्दल कोणी बोलायला लागला, की ओडिशाचा हात वर होतो, मग गडचिरोलीचा, मग छत्तीसगडचा. नियम एकच, पण निकाल तिन्हीकडे वेगळा का लागला, यावर रात्री मेसमध्ये वाद रंगतात. एकट्या महाराष्ट्रातच पाहा ना: पश्चिम महाराष्ट्रात १९४८चा कुळकायदा, विदर्भात वेगळा, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा वारसा आणि खासरा पत्रक, कोकणात खोतीच्या आठवणी. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत सातबारा वाचायची नजर बदलावी लागते.

महाराष्ट्रात शिकवण्याचं हे काम पुढे पुण्याच्या 'यशदा'त चालतं, यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीत. तिचं मूळ १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या संस्थेत आहे; आज बाणेर रस्त्यावर राजभवनाच्या आवारात ती आहे. मसुरीत एका वर्षात शंभरांच्या हिशेबाने माणसं येतात, इथे मोजणी लाखांची. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत, दर निवडणुकीत नवे सरपंच आणि सदस्य येतात, त्यांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव. इतक्यांना एका छताखाली शिकवणं शक्यच नाही. म्हणून आधी 'प्रवीण प्रशिक्षक' तयार करतात, ते जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन शिकवतात. पहिल्यांदाच निवडून आलेल्या बाईला ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येणं हे मला त्या सगळ्या साखळीचं शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं टोक वाटतं.

जिल्हा प्रशिक्षणाच्या वर्षातल्या एका दिवसाची कल्पना मी पुन्हा पुन्हा करतो. त्या मुलीला, जिने अ.पा.क. आणि ए.कु.मॅ. शिकून घेतलं आहे, एका बांधाच्या भांडणात जुना कागद हवा आहे. तहसिलीच्या अभिलेख कक्षात शिपाई शिडीवर चढतो आणि वरच्या फळीवरून लाल फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल खाली काढतो. गाठ सुटते, धूळ उडते. आतला कागद मोडीत आहे. ओळीला लटकलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं. तिला त्यातलं एकही वाचता येत नाही, आणि तिच्याभोवतीच्या मराठी माणसांनाही नाही. कोणीतरी सांगतं, गावात एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत, त्यांना मोडी येते. गुरुजींना बोलावणं जातं. ते येतात, चष्मा पुसतात, कागद खिडकीजवळ नेतात. बोट ओळीवरून सरकू लागतं आणि ते सावकाश वाचतात: सर्व्हे नंबर, मातीचा वर्ग, आणे. ती वही उघडून लिहून घेते.